उजवी बाजू वर

लोणार
१४ जून २०२५

पूनम,

'सप्रेम जयभीम' लिहायला पेन टेकवला आणि पुन्हा उचलला. जयभीम समोर भेटलीस की घालीन, तो कोणालाच नाकारू नये. 'सप्रेम' मात्र माझ्याच्यानं लिहवत नाही.

तुझं पुस्तक पाहिलं. तू पाठवलं नव्हतंस. ब्लाउजचं माप द्यायला आलेल्या एका बाईंनी पिशवीतून काढून दाखवलं. "पाहा ताई, तुमची भावजय किती हुशार निघाली!" 'घरातलं जपान : मुलांसाठी चाळीस उपक्रम'. लेखिका सौ. पूनम देवानंद अंभोरे, बुलढाणा. मी मापाची पट्टी त्या बाईंच्या खांद्यावर तशीच टाकून पुस्तक वाचायला बसले. त्या उभ्याच.

चाळीसपैकी अडतीस उपक्रम माझ्या वहीतले आहेत. उरलेले दोन कोणाचे ते मला माहीत नाही, पण तुझेही नसावेत.

प्रस्तावनेत तू लिहिलंयस की लॉकडाऊनमध्ये एका संध्याकाळी तुला ही कल्पना सुचली. बरंच काही तू विसरलेली दिसतेस, म्हणून सांगते. २०१५ साली साचिको-सान जपानहून सरोवरातल्या गाळाचा अभ्यास करायला लोणारला आली आणि आपल्या माडीवरच्या खोलीत चार महिने राहिली. तुझं लग्न त्यानंतर दोन वर्षांनी झालं. कागदाचा करकोचा, रुमालात डबा बांधायची गाठ, कुंचल्यानं अक्षरं, तांदळाच्या पिठाचे गोळे, हे सगळं तिनं मला माझ्या स्वयंपाकघरात बसून शिकवलं आणि मी ते वहीत उतरवलं. काड्यांनी जेवायला शिकवायचं तर काड्या हव्यात. त्या इथे कुठल्या मिळायला? मी तुराट्या सोलून, घासून गुळगुळीत केल्या. तुझ्या पुस्तकात पान बावीसवर तुराट्या आहेत. तू बुलढाण्याच्या फ्लॅटमध्ये तुराट्या सोलत होतीस, असं लोकांनी समजायचं का?

सरोवराचं पाणी गुलाबी झालं त्या उन्हाळ्यात लॉकडाऊनमुळे तुम्हीही इथेच होता आणि गल्लीतली नऊ लेकरं आपल्या ओसरीवर बसायची. तुझी अर्पिता दोन वर्षांची, माझ्या मांडीवर. पाऊस थांबवायची पांढऱ्या फडक्याची बाहुली मी शिकवली, तर शेजारची गीताबाई भांडायला आली. "पाऊस थांबवता का वं? पेरणी व्हायची हाये अजून!" मग आम्ही सगळ्या बाहुल्या उलट्या टांगल्या. उलटी टांगली की पाऊस मागते, हेही साचिको-साननंच सांगितलेलं. तो किस्सा तू पान एकतीसवर स्वतःच्या नावानं छापलास. गीताबाईला 'आमच्या सोसायटीतल्या एक काकू' करून टाकलंस.

तेव्हा मोबाइल तू धरायचीस. मी बोलायला लागले की म्हणायचीस, "ताई, तुम्ही बोलू नका, नुसते हात दिसू द्या. तुमचं मले-तुले ऐकून लोक हसतील. आवाज मी देते." मला ते पटलं होतं. लाजच वाटायची मला माझ्या बोलण्याची. साडेतीनशे व्हिडिओत हात माझे आहेत आणि आवाज तुझा.

आणि चोरी लपवायचीच होती तर नीट तरी बघायचंस. करकोच्याची अकरावी घडी मी वहीत चुकून दोनदा लिहिली होती. तुझ्या पुस्तकातही ती दोनदा आहे.

माझं म्हणणं एवढंच, की पुढच्या आवृत्तीत माझं नाव घाल आणि साचिको-सानला खरं काय ते कळव. पंधरा दिवस वाट पाहते. देवानंदला हे पत्र दाखव. माझा भाऊ आहे तो, अजून तरी.

समता


लोणार
२ ऑगस्ट २०२५

पूनम,

हे पत्र मी पाठवणार नाही. निदान आज नाही.

पंधराऐवजी पन्नास दिवस झाले. तुझं उत्तर आलं नाही, देवानंदचा फोन आला. "ताई, घरातल्या घरात राहू दे ना. पूनम म्हणते, संस्कृती काही कोणाच्या मालकीची नसते."

मी म्हटलं, "संस्कृती नसते. वही असते."

"आता एवढ्याशासाठी..." म्हणाला. मग आईचं बीपी विचारून फोन ठेवला. मी त्याला हाताला धरून शाळेत नेलं आहे. डी.एड. होऊन मला जागा मिळाली नाही आणि मी मशीनवर बसले, तेव्हा त्याच्या फीसाठी बसले होते. ते आज तुला सांगून काही उपयोग नाही.

पण आज वेगळंच कळलं.

मी वहीत नवीन पानं लिहीत असते, तुला माहीतच आहे. रविवारी आता अकरा लेकरं येतात. सकाळी मी नळावर होते. परत आले तर आई मशीनजवळ उभी, वही उघडी, आणि मोबाइल दोन्ही हातांनी धरून फोटो काढतेय. मला पाहून दचकलीसुद्धा नाही. तिला त्यात लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं.

"काय करून राह्यली माय?"

"अवं, पूनमनं सांगतलं. अर्पिताले नवीन पानं पाहिजे म्हणे. लेकरू मागते तं मी धाडतो फोटो."

"कधीपासून?"

"लय दिवस झाले. बाहुल्यांचं धाडलं, त्या कागदी मासोळ्यांचं धाडलं. काऊन? काही बिघडलं का?"

अडुसष्ट वर्षांची बाई. तिला वाचता येत नाही. नातीसाठी काहीतरी करता येतंय याचाच तिला आनंद. तिला तू कामाला लावलंस.

माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. पण मी म्हटलं, "काही नाही बिघडलं. धाडत जाय. फोटो नीट येऊ दे, अक्षर दिसलं पाहिजे."

तिनं मान हलवली आणि चहा ठेवायला गेली. मी वही मिटून बसले. दिवसभरात एकही ब्लाउज कापला नाही. संध्याकाळी ठरलं.

ही पत्रं मी लिहून ठेवणार आहे आणि सगळं झालं की एकदम तुझ्या हातात देणार आहे. कोणी केलं आणि का केलं, हे तुला कळलंच नाही तर करण्यात काय अर्थ?


लोणार
२८ सप्टेंबर २०२५

पूनम,

तुझी बातमी आईकडून पोचली. पुस्तकाच्या जोरावर तू मुलांचा वर्ग चालवतेस, त्याचा तेवीस नोव्हेंबरला बुलढाण्यात 'जपान दिवस'. जपानहून सहा पाहुणे लोणारचं सरोवर बघायला येणार आहेत, त्यांच्यासोबत साचिको-सान. ती आता तिकडे कॉलेजात शिकवते. व्हिडिओ बघून तिनं तुला लिहिलं, आणि तू तिला कळवलंस की समताताईंना आता बरं नसतं, त्यांनी हे सगळं सोडून दिलं आहे. हे तू आईला हसत हसत सांगितलंस. आईनं मला येऊन विचारलं, "तुले काय झालं वं? मले काऊन नाही सांगतलं?"

मला काहीही झालेलं नाही. मी दिवसाला चार ब्लाउज शिवते.

तुला त्या दिवसासाठी काहीतरी नवीन हवं होतं. कागदी करकोचे आता सगळीकडे झाले. आईमार्फत तू विचारलंस, "ताईंच्या वहीत किमोनोचं काही आहे का?"

नव्हतं. मग मी लिहिलं. गेल्या रविवारी, बारीक, सुवाच्य अक्षरात, आकृत्या काढून. पहिलं पान, 'जुन्या साडीचा किमोनो'. माप, कापणी, बाही, कमरेचा पट्टा, सगळं बरोबर. फक्त शेवटची ओळ अशी : 'अंगावर घालताना उजवी बाजू वर आणि डावी आत.' दुसरं पान, 'पाहुण्याचं ताट'. त्यात शेवटी लिहिलं : 'भाताच्या वाटीत दोन्ही काड्या मधोमध उभ्या रोवाव्यात. पाहुण्याला मोठा मान देण्याची ही पद्धत आहे.'

आईनं फोटो काढले. अक्षर छान दिसत होतं.

खरं काय ते आता ऐक. डावी बाजू वर घ्यायची असते. उजवी बाजू वर फक्त मेलेल्या माणसाला घालतात. आणि भातात उभ्या काड्या मेलेल्या माणसापुढे ठेवतात. जिवंत माणसापुढे तसं करणं म्हणजे त्याचं सुतक मांडणं.

मला हे कसं माहीत? साचिको-सान इथे असताना तिकडे तिची आजी गेली. तिला जाता आलं नाही. ती माडीवरून खाली आली, माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसली आणि म्हणाली, "ताई, मले थोडा भात देता?" तिचं मराठी माझ्याकडूनच शिकलेलं, त्यामुळे माझ्यासारखंच. मी वाटीभर भात दिला. तिनं माझ्या तुराटीच्या काड्या घेतल्या, भातात उभ्या केल्या आणि हात जोडले. मी तिच्याजवळ बसले. मग तिनं एकेक करून सगळं सांगितलं. आजीला कसं नेसवतील, कोणती बाजू वर येईल. हे मी वहीत कधी लिहिलं नव्हतं. ते मुलांना शिकवायचं नव्हतंच.

तुझ्या मोबाइलवर दोन मिनिटं शोधलं असतंस तर तुला सगळं कळलं असतं. पण तू शोधणार नाहीस. माझी वही आजवर एकदाही चुकली नाही, म्हणून तुझा तिच्यावर माझ्याइतकाच विश्वास आहे.

अठरा मुलं, सहा पाहुणे, बुलढाण्याची सगळी मोठी माणसं समोर, आणि तू माइकवर. मी रोज ते डोळ्यांपुढे आणते. काज-बटण करताना आणते. मला छान झोप लागते.


लोणार
२४ नोव्हेंबर २०२५

पूनम,

काल तू मला सभागृहाच्या दारात पाहिलंस आणि तुझा चेहरा उतरला. मग सावरून म्हणालीस, "अरे वा, ताई, आलात!" आणि आम्हाला शेवटच्या रांगेत बसवलंस. आईला गुडघ्यामुळे पुढे बसायचं होतं. तू म्हणालीस, पुढे पाहुणे आहेत.

मला मागेच बरं होतं. तिथून सगळं दिसतं.

तुझं भाषण ऐकलं. 'माझा अभ्यास' हे शब्द मी मोजत होते, सातनंतर सोडून दिलं. मग मुलं आली. जुन्या साड्यांचे किमोनो, जरीचे काठ कमरेला. शिवण कच्ची होती, पण दिसत सुंदर होते. अठराही मुलांची उजवी बाजू वर.

मी पाहुण्यांकडे बघत होते. दोन बायकांचं हसू जागच्या जागी थांबलं. एकीनं दुसरीकडे पाहिलं. साचिको-साननं टाळीसाठी उचललेले हात मांडीवर ठेवले. मला वाटलं, आता. आता ते उठतील, कोणीतरी विचारेल, दुभाषा सांगेल आणि तुझ्या हातातला माइक गरम होईल.

कोणी काही बोललं नाही. पाहुणे आहेत, बोलतील कसे? दहा वर्षांखाली माझ्या कपाटाचं नुसतं दार उघडं दिसलं तरी साचिको-सान नजर वळवायची, हे मी विसरले होते.

मग ताटं आली. सगळ्यात पुढे तुझी अर्पिता. सात वर्षांची पोर, माझ्या जुन्या जांभळ्या साडीचा किमोनो घातलेली. ती साडी आईनं तुला दिली असणार. अर्पिता सावकाश चालत गेली, मी शिकवलं तसं गुडघ्यावर बसली, आणि सगळ्यांत म्हाताऱ्या पाहुण्यासमोर भाताची वाटी ठेवली. मधोमध दोन काड्या उभ्या.

त्या आजोबांचं नाव कुरोदा-सान. ते वाटीकडे पाहत राहिले. मग अर्पिताकडे. तिच्या गळ्याशी आलेल्या उजव्या बाजूकडे. त्यांनी डोळे मिटले, हात जोडले, आणि त्यांच्या गालावरून पाणी वाहायला लागलं. पुसलंही नाही.

सभागृहानं टाळ्या वाजवल्या. तू माइकवर म्हणालीस, "पाहिलंत? आपल्या मुलांचा आदर पाहून पाहुण्यांचे डोळे भरून आले!" आणखी टाळ्या. आईसुद्धा वाजवत होती.

साचिको-सान उठली. आधी बाकीच्या पाच वाट्यांतल्या काड्या तिनं हलकेच काढून आडव्या ठेवल्या. कुरोदा-सानच्या वाटीला हात लावला नाही. मग मुलांकडे गेली, एकेकापुढे गुडघ्यावर बसली, पट्टा सोडला, डावी बाजू वर घेतली, पुन्हा बांधला. अठरा वेळा. प्रत्येकाच्या गालाला हात लावून म्हणायची, "असं. मस्त दिसते." फोटोवाले धावले. आजच्या पेपरात तोच फोटो आहे, 'जपानी पाहुणीने बुलढाण्याच्या चिमुकल्यांना मायेने सजवले'. तू स्टेटसला ठेवला आहेस.

म्हणजे तुझं काहीच झालं नाही. तुला कळलंही नाही. तुझ्यासाठी लावलेला सापळा एका म्हाताऱ्याच्या पायात अडकला.

आम्ही दाराशी निघालो तेव्हा तिनं मला गाठलं. दहा वर्षांनी. कानाजवळचे केस पांढरे झालेत.

"समता-ताई. तुमाले बरं नाही असं सांगतलं मले."

"मी बरी आहे."

तिनं आतल्या मुलांकडे पाहिलं. "हे किमोनो, भात, हे तुमी शिकवलं?"

नाही म्हणता आलं असतं. तू चार पावलांवर उभी होतीस, कोणाशी तरी हसत. तुझ्याकडे बोट दाखवलं असतं की झालं. पण कोणीतरी पहिल्यांदा मला विचारत होतं की हे तुझं आहे का. मी म्हटलं, "हाव."

"विसरल्या का?"

"नाही."

तिला कळलं. तिला माझं स्वयंपाकघर आठवलं असणार. मग ती अगदी हळू म्हणाली, "कुरोदा-सानची बायको एप्रिलमधी गेली. त्यायनं मले इचारलं, लेकरांना माहीत होतं का? तिच्यासाठी ठेवलं का? मी हाव म्हटलं."

आणि ती वाकली. कमरेपासून, हात मांडीशी, पुरी वाकली. अनोळखी मोठ्या माणसापुढे वाकतात तसं. लोणार सोडताना बसस्टँडवर तिनं माझ्या गळ्यात पडून रडून घेतलं होतं. काल वाकली, सरळ झाली आणि गाडीकडे गेली. आज सकाळी ती मंडळी सरोवर बघायला लोणारला आली होती. गाडी आपल्या गल्लीच्या तोंडावरून गेली. मी दारात उभी होते.

तू माझ्याशी जे केलंस त्याचा राग अजून तेवढाच आहे. आता त्यात हेही धरलं आहे. हे तुझ्यामुळे झालं असं रात्रभर स्वतःला सांगून पाहिलं. सकाळपर्यंत पटलं नाही.


लोणार
२८ डिसेंबर २०२५

पूनम,

हे शेवटचं, आणि हे तुला मिळणार आहे.

नाताळच्या सुटीत तू अर्पिताला आजीकडे पाठवलंस, त्याचं मला नवल वाटलं. का पाठवलंस ते काल कळलं. तिच्या दप्तरात एक पाकीट होतं, जपानी तिकिटांचं. "आत्या, मम्मीले वाचता नाही येत. मम्मी म्हणते, आत्याले येते, पण मी इचारलं म्हणून सांगू नको."

पत्र कुरोदा-सानचं होतं. लहान मुलीला लिहिलेलं, म्हणून सोप्या अक्षरांत. साचिको-साननं मला तेवढी शिकवली आहेत. मी बोट फिरवत वाचलं. त्यात होतं, की तू माझ्या बायकोसाठी भात ठेवलास, पांघरलेलंही तिच्यासारखंच पांघरलं होतंस. तिला मुलं फार आवडायची, आम्हाला नव्हती. तिचं शेवटचं जेवण परदेशात एका लहान मुलीच्या हातून झालं, हे मी तिच्या फोटोला सांगितलं. आभार.

अर्पिताला मी ते मराठीत सांगितलं. सांगताना एखादा शब्द इकडचा तिकडे केला असता तरी तिला समजलं नसतं. मी केला नाही.

ती म्हणाली, "पण मी तं आजोबाले दिला भात. त्यायच्या बायकोले कुठं दिला?"

मग मी सगळं सांगितलं. उजवी बाजू, उभ्या काड्या, कोणासाठी असतात ते. आई शेंगा सोलत होती, तिचे हात थांबले.

"म्हणजे मले मेलेल्या माणसाचे कपडे घातले होते?"

"हाव."

"आन् समद्या पोरायले?"

"हाव."

"तुले माहीत होतं?"

"हाव, बेटा."

"मम्मीले?"

मी तोंड उघडलं. पूनम, तिथे मला तुझं नाव घेता आलं असतं. तुझ्या पोरीच्या मनातून तुला कायमचं उतरवायला एक शब्द पुरला असता, आणि माझ्या जिभेवर तो होता. मी म्हटलं, "नाही. तिले माहीत नव्हतं. तिनं माझ्या वहीतून घेतलं आणि वही मी मुद्दाम चुकवली."

अर्पिता रडली नाही. माझ्या जवळून उठली आणि आजीच्या पलीकडे जाऊन बसली. दुपारी माझ्या हातचं जेवली नाही, आजीनं भरवलं. आई मला एवढंच म्हणाली, "अन् फोटो म्या काढले." संध्याकाळी अर्पिता माझ्याकडे न बघता म्हणाली, "मम्मीचं दुसरं पुस्तक छापायले जाऊन राह्यलं. त्याच्यात किमोनो आहे. भातही आहे. फोटोत मीच आहे."

आता माझ्याकडे काय आहे ते बघ. मी गप्प बसले तर जानेवारीत तुझं पुस्तक येईल. पानावर मोठ्या अक्षरात तुझं नाव आणि खाली मेलेल्या माणसाचा पोशाख. आज ना उद्या कोणीतरी जाणकार ते उचलेल, सगळीकडे फिरवेल, आणि तुला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. जूनमध्ये मला जे हवं होतं ते आता नुसतं बसून राहिल्यानं मिळणार आहे. मी आज दिवसभर त्याचा विचार केला. सांगायला लाज वाटते, पण विचार गोड होता.

पण त्या फोटोत तुझी पोर आहे. आणि घराघरातून लेकरं आपल्या आजी-आजोबांपुढे उभ्या काड्यांचा भात ठेवतील, मान दिला असं समजून. ते मला सहन होत नाही. ती पानं काढ. छापखान्याला आजच फोन कर.

ही दया आहे असं समजू नकोस. मी तुला माफ केलेलं नाही. कुरोदा-सानला मी खरं कळवणार नाही, ते साचिको-साननं ठरवलं आहे आणि तिचं बरोबर आहे. साचिको-सानला मात्र आज पत्र टाकलं. त्यात तुझ्याबद्दल एक ओळ नाही. मी काय केलं तेवढंच आहे. उत्तर येईलसं वाटत नाही.

उद्या सकाळच्या गाडीनं मी अर्पिताला घेऊन बुलढाण्याला येते. ही पत्रं तिच्या दप्तरात घालून पाठवता आली असती. पण तिच्या हातून मी एकदा पोचवलं, ते पुरे झालं. तिला आतल्या खोलीत बसव आणि देवानंदला बाहेर बोलाव. मी तुमच्या दोघांपुढे ही सगळी पत्रं वाचून दाखवणार आहे, झोपेचं आणि गोड विचाराचं धरून, एकही ओळ न गाळता. आत घेतलं नाहीस तर जिन्यात बसून वाचीन. सोसायटीनं ऐकलं तर ऐकू दे. त्यात तुझ्यापेक्षा माझीच अब्रू जास्त जाणार आहे.

माझं वाचून झालं की मी तुझं पुस्तक तुझ्या हातात देईन. मग तू वाच. पहिल्या उपक्रमापासून, देवानंदसमोर, मोठ्यानं. प्रत्येकापाशी थांब आणि तो तुला कोणी शिकवला ते सांग.

मला घाई नाही. मी दोन दिवसांचे कपडे घेऊन येते आहे.

समता